देवगिरीचे ताल आणि मेसियाँ

देवगिरीस सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात १२० देशी ताल नोंदलेले आहेत. त्यांतले बहुतेक आज आपल्या मैफलींतून ऐकू येत नाहीत. परंतु त्यांतले तीन १५ जानेवारी १९४१ रोजी वाजले, आणि तेही कोठे, तर गर्लिट्झ येथील जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत!

वाजविणारा होता ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२). पॅरिसच्या ट्रिनिटी चर्चचा हा ऑर्गनवादक सैन्यात असता १९४० साली पकडला गेला. हे ताल त्याला कोणा उस्तादाकडून मिळाले नव्हते. एका फ्रेंच संगीतकोशातील भारतावरच्या लेखात त्याने त्यांची यादी वाचली होती. छावणीत त्याला व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि सेलो वाजविणारे तिघे सोबती भेटले. त्यांच्यासाठी त्याने ‘काळाच्या अंतासाठी चतुष्क’ ही आठ भागांची रचना पुरी केली. पुढे तो सांगे, की त्या दिवशी पाच हजार श्रोते होते. पण त्या लाकडी दालनात काहीशेच माणसे मावत असत. कलावंताच्या आठवणीत गर्दी वाढतेच.

पहिल्या भागात पियानोचे काम मोठे विलक्षण आहे. रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल एकापुढे एक जोडून त्याने लहानमोठ्या १७ मात्रामूल्यांची माळ केली. तिच्यावर जे स्वरपुंज, म्हणजे एकदम वाजणारे अनेक सूर, बसविले ते मात्र २९. माळ संपते, तेव्हा स्वरपुंज बारा उरलेलेच असतात. म्हणून माळेचा दुसरा फेरा अठराव्या पुंजापासून सुरू होतो. असे करीत दोन्ही पुन्हा एकत्र आरंभास यावयाचे, तर १७ गुणिले २९, म्हणजे ४९३ आघात झाले पाहिजेत. तितके होण्याच्या पुष्कळ आधीच हा भाग थांबतो.

आपल्या कानाला हे खटकेल. लयीची कितीही ओढाताण झाली, तरी समेवर भेटण्याचा विश्वास आपल्याला असतो. येथे ती भेटच होत नाही. म्हणून हा आपला ताल नव्हे, असेच आम्हांस वाटते: आवर्तन नाही, ठेका नाही, शार्ङ्गदेवाच्या लघु-गुरूंची केवळ लांबी उचललेली आहे. पण मेसियाँला हवे होते ते नेमके हेच. तो श्रद्धाळू कॅथॉलिक. ‘आता काळ उरणार नाही’, असे सांगणारा बायबलातील देवदूत त्याच्या डोळ्यांपुढे होता, आणि सारख्या भागांत मोजला जाणारा काळ त्याला संगीतातून काढून टाकावयाचा होता. ज्यांचे दिवस हजेरीच्या मोजणीत जात होते, त्यांच्यापुढे हे वाजले.

१९४१ सालीच सुटून तो पॅरिसच्या संगीत विद्यालयात शिकवू लागला. बुलेझ आणि स्टॉकहाउझन त्याच्या वर्गात बसले. १९४९ साली बोस्टनला बर्नस्टाइनने त्याची दहा भागांची सिंफनी प्रथम सादर केली. तिचे नाव दोन संस्कृत शब्दांचे आहे: ‘तुरंगलीला’.