भुईगावचा दगड

गेल्या वर्षी ऐन श्रावणात आमच्या महाविद्यालयातले भित्तिपत्रक कुणीतरी फाडले. ‘कुणीतरी’ म्हणायचे ते आपले रीत म्हणून. फाडणारा मुलगा माझ्याच वर्गातला होता आणि त्याने ते भर दुपारी, चारचौघांच्या देखत फाडले होते. झाले होते असे की, स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने ‘आमचे गाववाले मित्र’ या नावाचा एक विनोदी लेख लिहिला होता. ‘पानी’, ‘डोला’, ‘कोली’ असे शब्द वेचून त्याने त्यांवर कोट्या केल्या होत्या. फाडणारा मुलगा पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला. मग जे व्हायचे तेच झाले. एकाचा शर्ट फाटला, दुसऱ्याचा चष्मा फुटला, आणि दोन दिवस वर्गात ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ असे दोन तट पडले.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या भित्तिपत्रकाची संपादक मी होते. तो लेख मीच तपासून दिला होता, आणि तपासताना मला हसू आले होते. एवढेच नव्हे, तर त्या कोळी मुलाच्या वहीतल्या ‘पानी’ला मी वर्षभर लाल शाईने गोल करीत आले होते. दुसऱ्या मुलाने तेच केले, फक्त त्याला लाल शाई लागली नाही.

दोघांकडून माफीपत्रे लिहून घ्यावी आणि फाइलीला लावावी, असे वरून ठरत होते. मी म्हटले, “मला एक महिना द्या.” महिन्यात काय करणार, हे मात्र मला स्वतःलाच ठाऊक नव्हते. अलीकडे या प्रकाराला ‘शांतता शिक्षण’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. त्यावर परिसंवाद होतात, चहा-बिस्किटे होतात. मीही एक-दोनदा त्यात निबंध वाचून आले आहे. पण चष्मा फुटलेला मुलगा समोर उभा असला की त्या निबंधातले एक वाक्य उपयोगी पडत नाही.

वाचकांपैकी पुष्कळांनी वसई पाहिली असेल ती विरार लोकलच्या दारातून, तीही श्वास घ्यायला जागा मिळाली तर! रुळांच्या पश्चिमेला केळीच्या बागा, विहिरी, फुलांचे मळे, कोळीवाडे, देवळे आणि चर्चे. पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचे आदिवासी पाडे. आणि मध्ये, दोन्ही अंगांनी वाढत चाललेल्या इमारती, ज्यांत गिरणगावातून, कोकणातून, उत्तरेतून आलेली कुटुंबे राहतात. २००९ साली या साऱ्याची मिळून महानगरपालिका झाली, पण महानगरपालिका झाली म्हणजे शेजार झाला असे नव्हे. माझ्या वर्गात या तिन्ही ठिकाणची मुले येतात आणि तीन वेगळ्या बाकांवर बसतात.

प्रथम मी त्यांना फादर फ्रान्सिस दिब्रिटोंविषयी सांगितले. फादर नंदाखालचे. घरात सामवेदी बोली बोलणारा हा मुलगा पुढे धर्मगुरू झाला, १९८३ ते २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचा संपादक झाला. जमिनी गिळणाऱ्यांच्या आणि टँकरवाल्यांच्या विरुद्ध ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली, तेव्हा फादर तिच्या अग्रभागी होते, आणि त्यांच्यामागून चालणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक होते. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान कसा दिला, म्हणून कुरकुर करणारेही निघालेच. प्रकृती साथ देत नसताना फादर तिथे गेले आणि बोलले. २०२४ च्या जुलैत ते गेले. मी मुलांना म्हटले, “ज्या बोलीला तुम्ही हसता, तिच्या शेजारच्याच बोलीत वाढलेला माणूस सबंध मराठी साहित्याच्या व्यासपीठावर बसला होता.”

मुलांनी ऐकून घेतले. व्याख्यान ऐकतात तसे ऐकले. पाचूबंदरच्या मुलाने खिडकीबाहेर पाहत ऐकले.

म्हणून मग एका रविवारी मी वर्गाला सोपाऱ्याला नेले. तिथे ‘बुरूड राजाचा कोट’ नावाचे एक टेकाड आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. त्यातून निघालेला करंडक आणि बुद्धांच्या आठ लहान मूर्ती आज मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्याच वर्षी सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि १९५६ साली जवळच्या भुईगावी नवव्याचा. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या गर्दीच्या नालासोपाऱ्यात, बंदरावर उतरणाऱ्या परक्या माणसालाही दिसेल असा, एका राजाने लोकांशी बोलायचा मजकूर कोरून ठेवला होता. आणि तो संस्कृतात नव्हे, लोकांच्या प्राकृत बोलीत. मराठीच्या बाईंना हे सांगताना जरा ओशाळल्यासारखे झाले, हे खरे.

झाडाखाली डबे उघडले. आगाशीकडच्या एका मुलीने सुकेळी आणली होती. ती सामवेदी ब्राह्मणांची. नंदाखालकडची ख्रिस्ती मुलगी तिच्याकडून सुकेळे घेताना आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटली, तोच पहिलीने त्याच बोलीत उत्तर दिले. दोघी दचकल्या आणि मग खो खो हसत सुटल्या. वर्षभर एका वर्गात बसून दोघी एकमेकींशी छापील मराठीत बोलत होत्या! पोर्तुगीज १५३४ साली इथे आले. त्यांच्या काळात काहींनी धर्म बदलला, काहींनी नाही. बोली मात्र दोघांनीही घरात जपली. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. कानांनी ऐकली ती त्या दिवशी.

जेवणानंतर मी नवव्या शिलालेखाचा आशय सांगितला. लोक आजारपणात, मुलाबाळांच्या जन्माच्या वेळी, लग्नाकार्यात, प्रवासाला निघताना नाना विधी करतात. ते करावेत, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल कोणते, तर दासांशी आणि सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान ठेवणे, जिवांना जपणे.

“लग्नात विधी करू नये, असं आहे का बाई त्याच्यात?” मागून प्रश्न आला. विचारणारी मुलगी पूर्वेकडच्या पाड्यावरची. हजेरीव्यतिरिक्त तिचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. मी म्हटले, “करू नये असं नाही. पण दासाला नीट वागवणं अधिक मोलाचं, असं आहे.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “माझा आजा लग्नासाठीच दास झाला होता.”

आणि तिने सांगितले. आईच्या वडिलांनी लग्नाला मालकाकडून कर्ज काढले. ते फिटेपर्यंत त्यांनी आणि त्यांच्या बायकोने मालकाच्या घरी राबायचे. असल्या माणसाला आपल्या भागात ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज किती होते, ते आज्याला कधीच कळले नाही, वही मालकाकडे. हा शब्द मी गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात वाचला होता. पण ती हकीकत १९४५ च्या आसपासची, तलासरी-डहाणूकडची. वेठबिगारी कायद्याने बंद झाली १९७६ साली. या मुलीच्या आज्याचे लग्न त्याच्याही नंतरचे, आणि गाव आमच्याच तालुक्यातले, स्टेशनपासून तासाभराच्या अंतरावर!

वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ साली विधायक संसद आणि १९८२ साली श्रमजीवी संघटना स्थापन केली, आणि अशा वेठबिगारांना सोडवायला आरंभ केला. १९९९ साली लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने त्यांना पुरस्कार दिला, म्हणजे आमच्या तालुक्यातल्या गुलामगिरीची वार्ता लंडनला पोचली होती. स्टेशनपलीकडे राहणाऱ्या माझ्यासारखीला ती नव्हती. वीटभट्ट्यांवर मजुरांची जी खोपटी असतात, त्यांना भोंगा म्हणतात. आईबापांबरोबर भट्टीवर गेलेल्या मुलांसाठी याच मंडळींनी भोंगाशाळा काढल्या. “माझी आई तिथंच अक्षरं शिकली,” मुलगी म्हणाली, “आणि मला तिनं शिकवलं.”

कोणी काही बोलले नाही. माझ्याकडेही त्या वेळी बोलण्यासारखे काही नव्हते. चष्म्याच्या मुलाने, नवा चष्मा पुसत, हळूच विचारले, “आजोबा आहेत अजून?” ती म्हणाली, “आहेत. कानांनी कमी ऐकतात.” परतताना तो रिक्षात तिच्या समोर बसला होता आणि भोंग्याचे छप्पर कशाचे असते, पावसात भट्टी बंद राहते तेव्हा लोक काय खातात, असे एकेक विचारीत होता. पाचूबंदरचा मुलगा दुसऱ्या रिक्षात बसला.

दिवाळीच्या सुट्टीआधी नवे भित्तिपत्रक लागले. त्या मुलीने आज्याविषयी पानभर लिहिले होते, आपल्या बोलीत. त्यातले चार शब्द मला कळले नाहीत. अर्थ कंसात दे, असे मी सुचवले, तर ती नको म्हणाली. ज्याला पाहिजे तो येऊन विचारील. आगाशी आणि नंदाखालच्या दोघींनी मिळून सामवेदीतल्या लग्नगीतांविषयी लिहिले. पाचूबंदरच्या मुलाने मासेमारी बंदीच्या दिवसांत जाळी कशी विणतात आणि डागडुजी कशी करतात, ते लिहिले. त्यात ‘पानी’ सात वेळा आले आहे. चष्म्याच्या मुलाने काहीच दिले नाही. “मला अजून लिहिता येत नाही त्यावर,” एवढेच म्हणाला. ते दोघे अद्याप एका बाकावर बसत नाहीत. माफीपत्रांचेही तसेच राहिले आहे. फाइलीचा विषय निघाला की मी नजर चुकवते.

परवा वरिष्ठांपैकी एकजण भित्तिपत्रकासमोर बराच वेळ उभे होते. मग मला म्हणाले, “बाई, शुद्धलेखन तपासायचं राहिलेलं दिसतंय.”

“हो,” मी म्हटले, “राहिलंय.”