ग्रीष्म ऋतू, वाहनचालक आणि आपली औषधयोजना

शिरूर व दौंड हे तालुके घोड-भीमेच्या काठचे असले, तरी पर्जन्यछायेतले. पुणे-नगर रस्ता शिरूरमधून, तर पुणे-सोलापूर महामार्ग दौंड तालुक्यातून जातो. न्हावरे-चौफुला मार्गाने हे दोन्ही रस्ते एकमेकांस जोडले गेले आहेत. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे मालमोटारींची ये-जा अहोरात्र चालते. मे महिन्याच्या सुटीत त्यात अष्टविनायक यात्रेकरूंच्या गाड्यांची भर पडते. साहजिकच या भागातील वैद्यांकडे उन्हाळ्यात येणाऱ्या रुग्णांत चालक मोठ्या संख्येने असतात. त्यांना आपण मूत्रदाह, शिरःशूल, अतिसार यांविषयी विचारतो. ‘गाडी किती वाजता चालविता?’ हा प्रश्न मात्र राहून जातो. तो औषधयोजनेपूर्वीच विचारला गेला पाहिजे, असे आमचे मत आहे.

आदानकालात बल क्षीण होते, स्नेह शोषला जातो, वायूचा संचय होतो, हे वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु इतर ऋतूंत अहितकर मानलेला दिवास्वाप शास्त्राने ग्रीष्मात प्रशस्त मानला आहे, कारण रात्री लहान आणि देह रूक्ष. चालकांच्या दृष्टीने ही अनुज्ञा फार मोलाची आहे. अपुरी रात्र, पहाटे भरलेला माल, ढाब्यावरचे पोटभर जेवण आणि नंतर तापलेली केबिन, अशा वेळी येणारी झापड ही शरीराची रास्त मागणी असते. ती रस्त्याकडेला थांबून पुरी केली नाही, तर स्टिअरिंगवर पुरी होते. चहा-तंबाखूने ती थोडी लांबते, एवढेच. दुपारच्या जेवणानंतर निदान २०-३० मिनिटे झोप व उठल्यावर तोंड धुऊन थोडे चालणे, हे चालकास पथ्य म्हणूनच लिहून द्यावे. इंजिन व वातानुकूलन चालू ठेवून बंद काचांत झोपणे मात्र घातक. धुरातील कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्यास झोपलेल्यास कळतही नाही. महामार्ग रुंद होताना कडेची पुष्कळ जुनी झाडे गेली, त्यामुळे सावली आता पेट्रोल पंपाच्या आवारात शोधावी लागते! १ ऑक्टोबर २०२५ पासून निर्माण होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या केबिनला वातानुकूलन बंधनकारक करण्यात आले. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना त्याचा उपयोग नाही.

आता आपल्याच औषधांकडे वळू. उन्हाळ्यात अतिसाराचे रुग्ण वाढतात आणि जातिफलादि चूर्ण सहज दिले जाते. त्यात भांग असते. सर्पगंधेच्या कल्पांनी तंद्रा येते, शिवाय उठताना रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. असे कल्प गाडी चालविण्यापूर्वी देऊ नयेत. अपरिहार्य असेल तर रात्री, आणि दुसऱ्या दिवशी तंद्रा उरल्यास गाडी नको, हे स्पष्ट सांगून. पित्ताच्या तक्रारीसाठी अविपत्तिकर द्यावयाचे तर सुटीचा दिवस पाहावा. विरेचनाने जलक्षय झालेला मनुष्य भर उन्हात रस्त्यावर असू नये. आसवारिष्टांत साधारणतः ५ ते १० टक्के स्वयंजनित मद्यांश असतो. नेहमीच्या मात्रेने नशा येत नाही. तथापि औषध घेताच श्वासतपासणी झाली, तर तोंडात उरलेल्या अंशामुळे यंत्र मद्य दाखवू शकते. कायद्याची मर्यादा १०० मि.ली. रक्तात ३० मि.ग्रॅ. इतकीच आहे. औषधविक्रेत्यांनी चालकास बाटली देताना, औषध मुक्कामी पोचल्यावर घेण्यास सांगावे.

पेयांच्या बाबतीत एक शंका नेहमी निघते. ग्रीष्मचर्येत लवणरस वर्ज्य, मग पन्ह्यात मीठ कसे? आमच्या मते तो निषेध आहाररसाच्या अतिसेवनाचा आहे. घामावाटे गेलेल्या क्षाराची भरपाई ही निराळी गोष्ट. दौंड तालुक्यात गुऱ्हाळे आहेत, गूळ हाताशी आहे. गूळ, आमसूल किंवा उकडलेली कैरी आणि चिमूटभर सैंधव यांचे पानक चालकाने सोबत ठेवावे व तहानेची वाट न पाहता घ्यावे. मधुमेहींनी गूळ व रक्तदाबाच्या रुग्णांनी सैंधव वैद्यास विचारूनच घ्यावे. मूत्रल गोळ्या चालू असलेल्यांनी त्या परस्पर बंद करू नयेत. ज्यांनी दिल्या त्यांच्याशी बोलावे.

घाम, थकवा, पेटके येथपर्यंत सावली आणि पानक पुरते. मात्र चालक असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापून निघाले, तर तो अंशुघात समजावा. येथे प्रवाळ, कामदुधा काढण्यात वेळ दवडू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतीत वारा घालीत राहावे. बर्फ मिळाल्यास काखेत व जांघेत ठेवावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. महामार्गालगत चिकित्सालय असणाऱ्यांनी पाण्याची टाकी भरलेली ठेवावी.

उन्हात उभ्या बंद गाडीच्या आतील तापमान पहिल्या १० मिनिटांतच सुमारे १० अंशांनी चढते. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. रांजणगावी दर्शनास जाताना झोपलेले मूल किंवा वृद्ध ‘पाचच मिनिटे’ म्हणून गाडीत ठेवणाऱ्यांस हे सांगावयास हवे. औषधांचेही तेच. अशा गाडीत गुग्गुळकल्प चिकटतात, आसवांची बुचे उडतात. आणि दुकानाचा माल पोचविणारा मुलगाही चालकच आहे. त्याची फेरी सकाळी ११ पूर्वी आटोपावी, राहिलेला माल सायंकाळी ५ नंतर पाठवावा.