मद्यपी वाहनचालक : कारावास आणि त्याला पर्याय

मद्यप्राशन करून वाहन चालविणाऱ्यास शिक्षा व्हावी, याविषयी दुमत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ अन्वये चालकाच्या दर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड अथवा दोन्ही, आणि त्यापुढील गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दुसऱ्या वेळी परवाना रद्द करण्याचीही तरतूद आहे.

खरी अडचण या दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सापडणाऱ्या चालकाची आहे. दंडाची रक्कम कशीबशी भरली जाते आणि तिचा भार बहुधा घरच्यांवर पडतो. परवाना गेला तरी गाडी दारातच उभी असते. तुरुंगात असेपर्यंत त्या माणसापासून रस्ता सुरक्षित राहतो हे खरे. पण त्या काळात कुटुंबाची मिळकत थांबते आणि सुटून येणारा माणूस व्यसनाच्या बाबतीत बहुधा पूर्वीचाच असतो. म्हणूनच काही देशांनी निराळा विचार केला. चालकाला गाडीपासून तोडता येत नसेल, तर त्याला मद्यापासून तोडता येईल काय?

दिवसातून दोनदा हजेरी

अमेरिकेतील साउथ डाकोटा हे राज्य विस्ताराने महाराष्ट्राच्या सुमारे दोन-तृतीयांश असले, तरी त्याची लोकसंख्या जेमतेम नऊ लाखांच्या घरात आहे. गावे विखुरलेली, सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी. त्यामुळे परवाना काढून घेतला तरी लोक गाडी चालवीतच राहत. १९८० च्या दशकात तेथील बेनेट काउंटीचे सरकारी वकील लॅरी लाँग यांनी एक साधा उपाय अवलंबिला. वारंवार गुन्हा करणाऱ्या मद्यपीने रोज सकाळी व सायंकाळी शेरीफच्या, म्हणजे स्थानिक पोलीस प्रमुखाच्या कार्यालयात येऊन श्वासाची तपासणी करून घ्यावी, अशी अट त्यांनी घातली. पुढे लाँग राज्याचे महान्यायवादी झाले. तुरुंगांतील वाढत्या गर्दीमुळे राज्य शासन चिंतेत होते. त्या पार्श्वभूमीवर २००५ साली हा उपाय काही काउंट्यांमध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि २००७ च्या कायद्याने राज्यभर लागू झाला. आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास मद्यमुक्त राहणे, असा त्याचा अर्थ.

या योजनेचे मर्म शिक्षेच्या कठोरपणात नाही. तपासणीत मद्य आढळले, तर त्या व्यक्तीस तेथल्या तेथे ताब्यात घेऊन एक-दोन रात्री कोठडीत ठेवले जाते. गैरहजर राहिल्यास अटकेचा हुकूम निघतो. तपासणी स्वच्छ निघाली की ती व्यक्ती आपल्या कामावर जाते, रात्री आपल्या घरी झोपते. दर तपासणीस एक डॉलर शुल्क ती स्वतःच भरते. रोज मद्यावर होणारा खर्च पाहता हे शुल्क जड म्हणता येणार नाही. दूर राहणाऱ्यांसाठी घोट्यास बांधण्याचे उपकरण आहे. ते घामावाटे बाहेर पडणारा मद्यार्क ठरावीक अंतराने टिपते. मात्र त्याचा खर्च अधिक असतो.

रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी २००५ ते २०१० या कालखंडाचा अभ्यास करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोपर्यंत १७,००० हून अधिक लोक या योजनेतून गेले होते. योजना लागू झालेल्या काउंट्यांत मद्यपान करून वाहन चालविल्याबद्दलच्या पुनरावृत्त अटका सुमारे १२ टक्क्यांनी, तर कौटुंबिक हिंसाचाराच्या अटका सुमारे ९ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. यांतील दुसरा आकडा अधिक बोलका म्हणावा लागेल. योजना आखली रस्त्यासाठी, पण तिचा लाभ घरातही पोहोचला. अपघातांच्या संख्येबाबत मात्र पुरावा इतका स्पष्ट नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

सर्वांस एकच औषध नाही

ज्याचे शरीरच मद्यावर अवलंबून आहे, त्याला ‘उद्यापासून बंद’ असे फर्मावणे धोक्याचे ठरू शकते. अशा व्यक्तीने मद्य एकाएकी सोडल्यास कंप, भ्रम, प्रसंगी झटके येतात; ते जिवावरही बेतू शकते. इंग्लंड व वेल्समध्ये न्यायालयास १२० दिवसांपर्यंत मद्यवर्ज्यतेचा आदेश देता येतो. तेथेही घोट्याचे उपकरण वापरले जाते, परंतु मद्यावलंबी व्यक्तीस हा आदेश लागू करता येत नाही. अशा व्यक्तीस आधी उपचाराची गरज असते. न्यू मेक्सिको राज्यातील डोना अ‍ॅना काउंटीत १९९५ मध्ये सुरू झालेले विशेष न्यायालय याच विचारावर उभे आहे. तेथे न्यायाधीश आरोपीस ठरावीक दिवसांनी समोर बोलावून त्याच्या उपचाराची प्रगती स्वतः विचारतात. त्याच राज्याने २००५ पासून, पहिल्याच गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांनाही गाडीत श्वासपरीक्षक बसविणे बंधनकारक केले. मद्याचा अंश आढळल्यास गाडी सुरूच होत नाही. हे यंत्र गाडीत आहे तोवर उपयोगी पडते. ते काढल्यावर मात्र त्याचा परिणाम फारसा टिकत नाही, असा अनुभव आहे.

आपल्या कायद्यातील वाट

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने ‘सामुदायिक सेवा’ ही शिक्षा प्रथमच मान्य केली. सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन करणाऱ्यास ती देता येते. परंतु कलम १८५ हे निराळ्या अधिनियमातील असल्याने तेथे तिचा उल्लेख नाही. मात्र एक जुना कायदा फारसा आठवला जात नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ अन्वये न्यायालय दोषी व्यक्तीस बंधपत्रावर सोडून किमान एक वर्ष परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते आणि मादक पदार्थांपासून दूर राहण्याची अट घालू शकते. अधिनियमात या अटीचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्थात, बेदरकार वाहन चालविल्याने कोणाचा प्राण गेला असेल, तर ही सवलत देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली बजावले आहे आणि ते योग्यच आहे.

उणीव आहे ती अट पाळली जाते की नाही, हे पाहण्याच्या व्यवस्थेत. महिन्यातून एखाद्या भेटीत परिवीक्षा अधिकाऱ्यास मद्यपानाचा सुगावा लागणे कठीण. शिवाय अटीचा पहिला भंग झाल्यास न्यायालयास मूळ गुन्ह्याची शिक्षा देता येत असली, तरी दुसरा पर्याय पन्नास रुपयांपर्यंतच्या दंडाचा आहे. पन्नास रुपयांचा धाक आज कोणाला वाटणार? साउथ डाकोटात भंग आणि त्याचे फळ यांत काही मिनिटांचे अंतर असते. आपल्याकडे अहवाल, नोटीस, तारीख असा क्रम लागतो.

सकाळ-सायंकाळची हजेरी आपल्या ग्रामीण भागात आणावयाची, तर पहिला प्रश्न अंतराचा येतो. पोलीस ठाणे पंधरा-वीस किलोमीटरवर असेल, तर मजुराने दोन वेळा एस. टी.ने जायचे आणि कामावर केव्हा पोहोचायचे? श्वासपरीक्षक यंत्र आणि नोंदवही पोलीस दूरक्षेत्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवणे त्यामानाने सोयीचे होईल. व्यसनाधीन व्यक्तीस तेथून पुढे जिल्हा रुग्णालयाकडे पाठविणेही सुलभ होईल. मात्र नकारात्मक नोंदीवर त्याच दिवशी कार्यवाही करावयाची असेल, तर कोठडीचा अधिकार कोणाच्या आदेशाने वापरावयाचा, हे आधी कायद्याने निश्चित करावे लागेल; कारण न्यायालयाच्या आदेशावाचून एक रात्रीचीही कोठडी देता येणार नाही.