रिओचे डोंगर आणि आटलेले झरे

वाचकहो, आज कुळव-कोळपे जरा बाजूला ठेवा. आपण लांबच्या मुलुखात फेरफटका मारून येऊ.

ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावर रिओ दि जानेरो हे शहर आहे. नावाचा अर्थ 'जानेवारीची नदी'. जानेवारी १५०२ मध्ये पोर्तुगीज गलबते इथे आली, तेव्हा खलाशांना समोरचा उपसागर नदीचे मुख वाटला, अशी कथा सांगतात. नदी नव्हतीच, पण नाव चिकटले ते चिकटलेच. आपल्याकडे घोंगडी-वाकळा निघतात, तेव्हा तिथे ऐन उन्हाळा असतो.

उपसागराच्या तोंडाशी सुमारे १,३०० फूट उंचीचा एक गुळगुळीत खडक उभा आहे. आपल्या गुऱ्हाळावर गुळाची ढेप करतात ना, तशी तिकडे जुन्या काळी साखर निमुळत्या साच्यात ओतत. त्या आकारावरून या खडकाला 'साखरेची ढेप' म्हणू लागले. १९१२ साली तिथे तारेवरून जाणारा पाळणा सुरू झाला. वरून पाहिले, की एका बाजूला निळे पाणी, दुसऱ्या बाजूला शहर आणि पलीकडे कोपाकबानाची सुमारे चार किलोमीटरची पांढरी चौपाटी दिसते.

दुसरे ठिकाण कोर्कोवादो डोंगर. उंची सुमारे २,३०० फूट. इथे दातेरी रुळाची आगगाडी १८८४ पासून चढते. माथ्यावर दोन्ही हात पसरलेला येशू ख्रिस्ताचा भव्य पुतळा आहे. १९३१ साली पुरा झालेला हा पुतळा सुमारे १०० फूट उंच आहे. या हाताच्या टोकापासून त्या हाताच्या टोकापर्यंत ९२ फूट भरतात!

सगळे प्रवासी पुतळ्याकडे पाहतात. तुम्ही मात्र त्याच्या पायाखालच्या रानाकडे पाहा. तुमच्या-माझ्या कामाची गोष्ट तिथे आहे.

या रानाचे नाव तिजुका. पाहणाऱ्याला वाटेल, की ते अनादि काळापासून असेच उभे असेल. तसे नाही. एकोणिसाव्या शतकात कॉफीला भाव आला आणि लोकांनी हे डोंगर बोडके करून त्यावर कॉफीचे मळे लावले. चार पैसे मिळाले खरे. पण उतारावरची माती पावसाबरोबर निघून गेली, मळे खंगले आणि झरे आटू लागले. शहराचे पिण्याचे पाणी याच डोंगरांतून येई. १७५० साली बांधलेली पाणी नेणारी दुमजली कमान आजही शहरात उभी आहे. पण झऱ्यालाच पाणी नसेल, तर कमान काय करणार? शहराने टंचाईची झळ सोसली.

तेव्हा सरकारने डोंगरावरच्या जमिनी ताब्यात घेतल्या. १८६१ साली सम्राट दुसरे पेद्रो यांच्या राजवटीत मेजर आर्चर यांच्यावर झाडे लावण्याचे काम सोपवले. हाताशी माणसे किती? सुरुवातीला सहा, आणि तीही गुलाम. एलेउतेरिओ, कोन्स्तान्तिनो, मानुएल, मातेउस, लेओपोल्दो आणि मारिया नावाची एक बाई. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ साली उठली. त्याआधीची ही गोष्ट. आसपास उरलेल्या रानातून रोपे आणून या माणसांनी खड्डे खणले, लागण केली. तेरा वर्षांत सुमारे एक लाख झाडे लागली. उरलेले काम निसर्गाने केले. आज तिथे घनदाट जंगल आहे, त्यात झरे-धबधबे वाहतात, आणि १९६१ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. पुतळ्याचे शिल्पकार जगाला ठाऊक आहेत. या सहा जणांची नावे तुम्ही तरी लक्षात ठेवा.

या रानात एक ओळखीचे झाडही भेटते. आपला फणस! पोर्तुगीजांच्या काळात तो तिकडे गेला आणि तिजुकात इतका माजला, की तिथल्या मूळच्या झाडांची रोपे त्याच्या सावलीत मागे पडतात. त्याला आवर घालावा लागतो. उलट काजू त्यांचा. ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला आणि तो कोकणचा झाला. एकाच देवघेवीत एकीकडे लाभ झाला, दुसरीकडे डोकेदुखी. म्हणून रान राखायचे, तर पहिला मान मूळच्या झाडांना द्यावा.

रिओत सारेच गोजिरे नाही. चौपाटीवरच्या श्रीमंत इमारतींच्या मागे उतारावर गरिबांच्या दाट वस्त्या आहेत. अतिवृष्टीत दरडी कोसळून तिथली माणसे दगावतात. १९६६ आणि २०१० मध्ये असे मोठे संकट आले होते.

आता फेरफटका संपला. घराबाहेर या आणि गावामागच्या डोंगराकडे पाहा. तो हिरवा असेल, तर राखा. बोडका असेल, तर हिशेब सोपा आहे: रिओत सुरुवातीला सहाच माणसे होती. तुमच्या गावात त्याहून जास्त आहेत आणि ती कोणाची गुलाम नाहीत. पाऊस पडण्याआधी खड्डे खणून ठेवा.