रंगीत काचेमागे आणखी एक काच

ग्लासगोतल्या जुन्या घरांत जिन्याच्या वळणावर, मुख्य दारावर, दिवाणखान्याच्या खिडकीच्या वरच्या तावदानात रंगीत काचा दिसतात. स्टीव्हन अ‍ॅडम या कलावंताने १८७० मध्ये इथे आपली कार्यशाळा काढली. त्या शतकाच्या अखेरीस ही कला चर्चपुरती न राहता मध्यमवर्गाच्या घरांत रुळली होती. हिवाळ्यात मात्र याच खिडक्यांतून घराची ऊब भराभर निघून जाते. मग कुणीतरी सल्ला देतं: काढून टाका आणि दुहेरी काच बसवा. हा सल्ला मानू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अशी खिडकी जवळून पाहावी. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात. पट्टीला दोन्ही अंगांनी खाच असते आणि त्या खाचेत खडूची पूड व जवसाचं तेल यांची लांबी ब्रशने दाबून भरलेली असते. मागे लोखंडी आडवी सळई असते. तिला तांब्याच्या तारेने पट्ट्या बांधलेल्या असतात. तार तुटली की शिसं हळूहळू वाकतं, नक्षीला पोक येतं. लांबी सुकून झडली की काच खुळखुळते, वारा आणि पाऊस दोन्ही आत येतात. म्हणून आधी तारा, लांबी आणि चौकटीच्या फटी बघायच्या. खोली गार पडण्याचं अर्धं कारण तिथेच सापडतं.

जुनी नक्षी दोन काचांमध्ये हवाबंद कोंडण्याचीही एक पद्धत आहे. तिच्यासाठी मूळ चौकट कोरावी लागते, आणि पुढे कडेचा जोड निकामी झाला की दुरुस्तीसाठी सगळंच उकलावं लागतं. त्यापेक्षा खोलीच्या बाजूने दुसरी काच लावावी, किंवा लोहचुंबकाच्या पट्टीवर बसणारा अ‍ॅक्रिलिकचा पत्रा. जुन्या खिडकीत आणि या नव्या थरात साधारण २० मिलिमीटर अंतर असलं तरी उबेसाठी पुरतं. रस्त्याचा आवाज अडवायचा तर १०० मिलिमीटर किंवा जास्त हवं. आतली काच कडेने घट्ट बसली पाहिजे, नाहीतर खोलीतली दमट हवा पोकळीत शिरून थंड नक्षीवर पाणी धरते. बाहेरच्या जुन्या खिडकीला मात्र थोडा श्वास ठेवायचा. तिची प्रत्येक फट बुजवली तर आत अडकलेली ओल लाकूड कुजवते.

ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने हिस्टॉरिक स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेसाठी २००८ मध्ये साध्या काचेच्या पारंपरिक खिडकीची चाचणी घेतली. जाड पडद्याने काचेतून जाणारी उष्णता १४ टक्के घटली, आतल्या दुसऱ्या काचेने ६३ टक्के, आणि लाकडी झडपा मिटल्यावर ५१ टक्के. झडपांचा हा आकडा मला फार मोलाचा वाटतो, कारण त्या बऱ्याच घरांत मुळातच आहेत. खिडकीच्या बगलेतल्या कप्प्यात घडी होऊन, रंगाच्या थरांखाली चिकटून बसलेल्या. नव्या काचेची मापं घेण्याआधी पातळ सुरीने तो रंग सोडवून त्या उघडतात का, ते बघावं.