दुष्काळी सालाचे पीक : १९८४ मधील पाच प्रोग्रेसिव्ह रॉक ध्वनिमुद्रिका

कोणत्याही कलाप्रकाराचा इतिहास लिहिणाऱ्याचे लक्ष साहजिकच त्याच्या भरभराटीच्या काळाकडे जाते. ओहोटीच्या वर्षांची वासलात एखाद्या वाक्यात लावली जाते. प्रोग्रेसिव्ह रॉक या पाश्चात्त्य संगीतप्रकाराच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. १९६९ पासूनची पाचसहा वर्षे हा त्याचा वैभवकाळ मानला जातो आणि १९८० नंतरच्या दशकाचा उल्लेख 'ऱ्हास' या एका शब्दाने आटोपतो. प्रस्तुत लेखात त्या दशकातील १९८४ हे एकच वर्ष घेऊन त्यातील पाच ध्वनिमुद्रिकांचा विचार करावयाचा आहे. निवड आवडीची आहे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. परंतु आवडीच्या मुळाशी काही कारण असते आणि ते तपासून पाहता येते. ते तपासताना जो प्रश्न पुढे येतो तो केवळ या संगीतापुरता नाही. भरभराटीच्या काळात एखाद्या कलाप्रकाराची म्हणून जी लक्षणे मान्य झाली, ती गळून पडल्यावरही तो कलाप्रकार उरतो काय? आणि उरत असेल, तर तो कशात उरतो?

प्रथम ती मान्य लक्षणे कोणती ते पाहू. इंग्लंडमधील काही रॉक बँडांनी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस युरोपीय अभिजात संगीत, जॅझ व लोकसंगीत यांच्याकडून रचनेच्या पद्धती उचलण्यास आरंभ केला. किंग क्रिम्सन या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका १९६९ मध्ये निघाली. लाँग-प्ले तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून थोडे अधिक संगीत मावते. ती संपूर्ण बाजू एका रचनेस देण्याची प्रथा लवकरच रूढ झाली. एमर्सन, लेक अँड पामर यांचे 'टार्कस' (१९७१) व येस या बँडचे 'क्लोज टु द एज' (१९७२) ही तिची प्रसिद्ध उदाहरणे होत. मेलोट्रॉन हे वाद्यही या संगीताची ओळख बनले. त्याची पट्टी दाबली असता आधी ध्वनिफितीवर घेतलेला व्हायोलिनांचा, बासरीचा वा समूहगायनाचा स्वर उमटतो. याखेरीज विषम मात्रांचे ठेके. रूपकाच्या सात किंवा झपतालाच्या दहा मात्रांना सरावलेल्या आपल्या कानांस यात नवल वाटणार नाही. पण चार मात्रांच्या ठेक्यावर वाढलेल्या रॉकच्या श्रोत्यास ते नवे होते. दीर्घता, मेलोट्रॉन, विषम मात्रा आणि संपूर्ण तबकडीस व्यापणारे एखादे कथासूत्र, अशी ही चार ठळक लक्षणे सांगता येतील.

१९८४ पर्यंत या लक्षणांना पोसणारी परिस्थिती पालटली होती. १९७६-७७ मध्ये पंक संगीताने दीर्घतेची व वादनकौशल्याची उघड टवाळी केली. व्हॅन डर ग्राफ जनरेटर १९७८ मध्ये, एमर्सन, लेक अँड पामर १९७९ मध्ये आणि जेंटल जायंट १९८० मध्ये विसर्जित झाले. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही दूरचित्रवाहिनी सुरू झाली आणि चित्रासह तीनचार मिनिटांत संपणाऱ्या गीतास अपूर्व महत्त्व आले. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ हा डिजिटल सिंथेसायझर बाजारात आला व जुनी अवजड वाद्ये मागे पडली. जुन्या मंडळींनीही नवा मार्ग धरला. येस, किंग क्रिम्सन व एमर्सन, लेक अँड पामर यांतून बाहेर पडलेल्या वादकांचा एशिया हा बँड १९८२ मध्ये आटोपशीर गीतांच्या बळावर अमेरिकेत प्रचंड खपला. येसचे एक गीत जानेवारी १९८४ मध्ये तेथील खपाच्या यादीत पहिले आले. येस, जेनेसिस व पिंक फ्लॉइड या तीन प्रमुख बँडांपैकी एकाचीही नवी स्टुडिओ ध्वनिमुद्रिका १९८४ मध्ये निघाली नाही. या अर्थाने ते साल दुष्काळी होय.

आपल्या न्यायशास्त्राने लक्षणाचे दोष सांगितले आहेत. जे लक्ष्याच्या सर्व भागांस पोहोचत नाही ते अव्याप्त, आणि जे लक्ष्याबाहेरही पसरते ते अतिव्याप्त. वरील चार लक्षणे १९८४ च्या ध्वनिमुद्रिकांना लावून पाहिली असता या दोषांचा प्रत्यय येतो.

मारिलियन या इंग्रज बँडची 'फुगाझी' ही ध्वनिमुद्रिका प्रथम घेऊ, कारण जुन्या लक्षणांशी तिचे नाते सर्वांत निकटचे आहे. एल्सबरी येथे १९७९ मध्ये स्थापन झालेल्या या बँडचे नाव टॉल्किनच्या 'सिल्मरिलियन'वरून आले. १९८२ मध्ये त्यांनी सतरा मिनिटांहून दीर्घ अशी एक रचना प्रसिद्ध केली होती. मार्च १९८४ मधील 'फुगाझी' हे त्यांचे दुसरे पुस्तक म्हणावे तसे आहे : पहिल्याचा आवेश ओसरलेला, पण हात अधिक बसलेला. त्यात सात गीते असून एकही दहा मिनिटांपर्यंत पोहोचत नाही. हॅकेटबरोबर वाजविलेल्या इयन मॉस्लीचे ड्रमवादन येथे प्रथमच ऐकू येते, आणि त्यामुळे मात्रांचे बदल पूर्वीपेक्षा सुकर झाले आहेत. 'फुगाझी' हा व्हिएतनाम युद्धातील अमेरिकन सैनिकांच्या बोलीतला शब्द. सर्व काही बिघडून गेले आहे, असा त्याचा आशय. फिश या नावाने गाणाऱ्या गायकाने तो शब्द सभोवतालच्या समाजास लावला आहे. ध्वनिमुद्रिकेची घडण सर्वत्र सारखी नाही. काही ठिकाणी वाद्यांची गर्दी शब्दांना झाकून टाकते. परंतु शेवटचे शीर्षकगीत ऐकताना असे दिसते की, वैयक्तिक कटुतेची आधीची सहा गीते या सार्वत्रिक निराशेकडेच नेत होती. येथे तबकडीस कथासूत्र नाही, पण दिशा आहे.

किंग क्रिम्सनची 'थ्री ऑफ अ परफेक्ट पेअर' हीदेखील मार्च १९८४ मधीलच. रॉबर्ट फ्रिप व बिल ब्रुफर्ड हे दोन इंग्रज आणि एड्रियन बेल्यू व टोनी लेविन हे दोन अमेरिकन यांनी १९८१ पासून काढलेल्या तीन ध्वनिमुद्रिकांपैकी ही तिसरी. या बँडने मेलोट्रॉन टाकून दिला होता. त्याऐवजी गिटार-सिंथेसायझर, विद्युत् ड्रम आणि दोन्ही हातांच्या बोटांनी तारांवर आघात करून वाजविण्याची चॅपमन स्टिक ही वाद्ये आली. रचनेचे तत्त्वही बदलले. दोन गिटारवादक भिन्न मात्रासंख्येच्या लहान स्वरावली एकाच वेळी फिरवितात. त्यांपैकी एकाची आवृत्ती मात्रेने कमी असल्यामुळे दोघे हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि ठराविक आवर्तनांनंतर पुन्हा समेवर येतात. या विणीत जावा-बालीच्या गामेलान संगीताचा प्रभाव जाणवतो. भव्यतेच्या ठिकाणी येथे काटकसर आहे.

या ध्वनिमुद्रिकेतील तबकडीच्या बाजूंचा उपयोग विशेष लक्षणीय आहे. एकीस 'डावी' व दुसरीस 'उजवी' अशी नावे दिली असून, डावीवर मुख्यतः गीते व उजवीवर मुख्यतः कठोर, प्रयोगशील वादन आहे. उजवीचा शेवट 'लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक'च्या तिसऱ्या भागाने होतो. त्याचे पहिले दोन भाग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले होते. म्हणजे वीस मिनिटांची एक रचना न करता, अकरा वर्षांच्या अंतराने एकाच रचनेचे भाग लिहिण्याची ही रीत आहे. जुलै १९८४ मध्ये माँट्रिऑल येथे शेवटचा कार्यक्रम करून हा संच थांबला, तो पुढे १९९४ पर्यंत.

दीर्घतेचा त्याग करूनही विषयाचे वजन पेलता येते काय, या प्रश्नाचे उत्तर पुढील दोन ध्वनिमुद्रिका देतात. रश या कॅनडातील त्रयीने १९७६ मध्ये '२११२' या नावाची, तबकडीची एक बाजू व्यापणारी रचना केली होती. एप्रिल १९८४ मधील त्यांच्या 'ग्रेस अंडर प्रेशर'मध्ये मात्र सर्व गीते चारसहा मिनिटांची आहेत. १९७५ पासून त्यांच्या स्टुडिओ ध्वनिमुद्रिकांच्या निर्मितीत सहभागी असलेला टेरी ब्राऊन या वेळी सोबत नव्हता. पहिल्या गीताचे नाव 'डिस्टंट अर्ली वॉर्निंग'. शीतयुद्धाच्या काळात उत्तर ध्रुवाकडे उभारलेल्या रडारमालेचेही हेच नाव. 'रेड सेक्टर ए' या गीताची पार्श्वभूमी अधिक गंभीर आहे. गायक गेडी ली याची आई नाझी छळछावण्यांतून वाचली होती. एप्रिल १९४५ मध्ये बर्गन-बेल्सन येथून तिची सुटका झाली. जगात सुसंस्कृत समाज शिल्लकच उरला नसावा असे कैद्यांना वाटत होते, ही तिची आठवण गीतकार नील पर्ट याने आधारास घेतली. मात्र गीतात कोणत्याही देशाचे वा वर्षाचे नाव नाही. ली हा विख्यात बास गिटारवादक असूनही या गीतात बास गिटार नाही. सिंथेसायझरचा एकसुरी, यांत्रिक ठेका ती जागा घेतो. ज्या स्वराने गीतास पायाखालची जमीन मिळते तोच काढून घेणे, हा येथे केवळ ध्वनीचा प्रयोग राहत नाही. तो विषयाचाच भाग होतो.

कॅमल या इंग्रज बँडची 'स्टेशनरी ट्रॅव्हलर' ही चौथी निवड. नावाचा अर्थ 'स्थिर प्रवासी'. अँड्र्यू लॅटिमर हा आता मूळ संचातील एकटाच उरला होता. विभागलेल्या बर्लिनमध्ये भिंतीपलीकडे जाऊ पाहणाऱ्या माणसांवर त्याने ही ध्वनिमुद्रिका बेतली. पूर्व जर्मनीच्या पोलिसांना लोक ज्या संक्षिप्त नावाने ओळखत, ते 'व्होपोज' हे नावच एका गीतास दिले. जुन्या पद्धतीची एकसूत्री ध्वनिमुद्रिका येथे शिल्लक आहे, परंतु तिचे भाग लहान आहेत आणि त्यांतील काही शब्दविरहित आहेत. ही मूकता अर्थपूर्ण ठरते. ज्यांची कथा सांगावयाची ती माणसे भिंतीच्या त्या बाजूस अडकलेली. शीर्षकाच्या रचनेत त्यांच्या वतीने गिटार बोलते. शब्द दिले असते तर ती कथा वृत्तांत झाली असती. यानंतर कॅमलची पुढील स्टुडिओ ध्वनिमुद्रिका निघाली ती १९९१ मध्ये. दरम्यान १९८९ मध्ये बर्लिनची भिंतही पडली.

आतापर्यंतची उदाहरणे इंग्रजी भाषेच्या बाजारपेठेतील आहेत. पाचवे उदाहरण त्याच भिंतीच्या पूर्वेकडील असल्यामुळे आपल्या प्रश्नावर वेगळा प्रकाश टाकते. बुडापेस्ट येथे १९८० मध्ये स्थापन झालेल्या बँडने स्टानिस्लाव लेमच्या कादंबरीवरून 'सोलारिस' हे नाव घेतले. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका 'मार्शबेली क्रोनिकाक', म्हणजे मंगळाच्या बखरी, १९८४ मध्ये निघाली. तिचे नाव रे ब्रॅडबरीच्या १९५० मधील पुस्तकावरून आले आहे. तिची पहिली बाजू सहा भागांच्या एका रचनेने व्यापली असून ती तेवीस मिनिटांच्या आसपास चालते. गीत नाही, ऑटिला कोल्लार याची बासरी, विद्युत् गिटार व सिंथेसायझर यांचा संवाद आहे. जे लंडनमध्ये कालबाह्य ठरले होते, ते बुडापेस्टमध्ये त्याच साली ताजे होते.

याचे कारण शोधताना त्या देशातील व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. हंगेरीत ध्वनिमुद्रिका काढणे सरकारी कंपनीच्या हाती होते आणि सांस्कृतिक धोरणाने कलाकृतींचे पुरस्कृत, सह्य व निषिद्ध असे तीन वर्ग पाडले होते. तेथे कलावंतास अडवी येणारी गोष्ट खप ही नव्हती, परवानगी ही होती. शब्दविरहित संगीतावर शब्दांसाठी आक्षेप घेता येत नाही, हा त्यातील एक फायदा असावा, असे अनुमान करावयास हरकत नाही. तात्पर्य, ज्याला आपण 'दुष्काळी साल' म्हणतो ते एका विशिष्ट बाजारपेठेचे साल असते. पंचांग एकच असले तरी पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दीर्घता हे लक्षण मानले, तर पाचांपैकी चार ध्वनिमुद्रिका वगळाव्या लागतात. मेलोट्रॉन मानले, तर किंग क्रिम्सन हा या प्रकाराचा एक आद्य बँडच बाहेर पडतो. ही अव्याप्ती झाली. उलट केवळ विषम मात्रा हे लक्षण धरावे, तर जॅझही त्यात येते, ही अतिव्याप्ती. पाचही ठिकाणी आढळणारी गोष्ट निराळी आहे. प्रत्येकीत रॉकच्या वाद्यांनी सिद्ध केलेला एखादा भाग त्याच्या बाहेरच्या पूर्णाकडे बोट दाखवितो आणि त्या पूर्णाची घडण विषयाने ठरविलेली असते : 'फुगाझी'तील खासगीकडून सार्वत्रिकाकडे जाणारी चाल, किंग क्रिम्सनच्या दोन बाजू, रशमधील गाळलेला स्वर, कॅमलमधील मौन, सोलारिसची सहा भागांची बखर. येसचे १९८४ च्या आरंभी गाजलेले गीत कौशल्याने रचलेले आहे यात शंका नाही. पण ते सुटे घेतले तरी त्याचे काही उणे होत नाही. म्हणून ते चांगले असूनही या लक्षणात बसत नाही.

पाच उदाहरणांवरून सिद्धान्त उभा राहत नाही, हे उघड आहे. हे लक्षण वैभवकाळातील कृतींनाही लावून पाहिले पाहिजे. आणि तसे केल्यास त्या काळातील काही नामांकित दीर्घ रचना केवळ दीर्घ आहेत, असेही आढळण्याचा संभव आहे. मारिलियनने १९८५ मध्ये काढलेली 'मिसप्लेस्ड चाइल्डहुड' ही अखंड ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिली आली, हे लक्षात घेता १९८४ हे साल निव्वळ शेवटाचे नव्हते, हेही मान्य करावे लागते. समृद्धीच्या काळात कलाप्रकाराचे आवश्यक आणि आनुषंगिक गुण एकत्रच वाढतात व त्यांची निवड करण्याची गरज कोणास भासत नाही. टंचाईत ती करावी लागते. काय टाकून दिले आणि काय जिवापाड राखले, हे ज्यास पाहावयाचे असेल त्या अभ्यासकाने ओहोटीच्या वर्षांपासून आरंभ करणे अधिक फलदायी ठरेल.