तुंगारेश्वराची वनवाट

अरण्यदर्शनासाठीं मुंबईकरांनीं दूरदेशींच गेलें पाहिजे, असा समज रूढ आहे. पण तो यथार्थ नव्हे. वसईच्या पूर्वेस अहमदाबादकडे जाणारा हमरस्ता सातिवलीजवळ सोडला, कीं तुंगारेश्वराचें रान लागतें. २,१७७ फूट उंचीच्या या पर्वताभोंवतालचें सुमारें ८५ चौरस किलोमीटर अरण्य २००३ सालीं अभयारण्य ठरलें.

वाट मातीची व सुट्या काळ्या दगडांची. दोहों बाजूंस ऐन, साग, कुडा, पळस यांची दाटी; उतारांवर सामान्यतः आठ वर्षांनीं एकदांच फुलणारी कारवी. पावसाळ्याच्या अखेरीस ओढे वाटेस आडवे येतात. वनखात्याच्या नाक्यावर चौकशी करून, जेथवर मुभा असेल तेथवरच मोटार न्यावी. ओढ्यापाशीं उतरून पाण्याची खोली व वेग पाहावा. तळ दिसत नसल्यास निमूटपणें परतावें. पार होणें झाल्यास पहिल्या गिअरमध्यें, मंद पण अखंड गतीनें व्हावें. मध्येंच गिअर बदलूं नये. पलीकडे जातांच ब्रेक दोन-चार वेळां हलके दाबून वाळवावेत.

महाशिवरात्रीस व श्रावणी सोमवारीं येथील शिवमंदिरांत भाविकांची रीघ लागते. वृद्ध माणसांस हे धक्के सोसत नाहींत, म्हणून सडक पक्की व्हावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. घरोघरीं अशा आजी आहेत. परंतु पक्क्या सडकेवर वेग वाढतो, आणि तिन्हीसांजेस वाट ओलांडणाऱ्या बिबळ्यास व सांबरास तो वेगच घातक होतो. खाचखळगे हेच या रानाचे विनावेतन पहारेकरी होत. वृद्धांसाठीं सणाच्या दिवशीं सावकाश चालणाऱ्या मोजक्या गाड्यांची सोय करतां येईल. रान मात्र एकदां गेलें कीं गेलें.

पश्चिमेस पायथ्यापलीकडे सोपारें, म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं स्तूप उकरला; अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच सालीं तेथें उजेडांत आला. पूर्वीचे राजे मृगयेच्या विहारयात्रांस निघत, आपण मात्र धर्मयात्रा आरंभिल्या, असा त्या लेखाचा आशय. आपल्या मोटारीची यात्रा या दोहोंपैकीं कोणती, हें चालविणाऱ्याच्या हातीं आहे. कर्णा वाजवूं नये, कचरा टाकूं नये, सूर्यास्तापूर्वीं रानाबाहेर पडावें. एवढें केलें तरी ती धर्मयात्राच होय.